उन्हातून आलेल्या माणसावर पाणी टाकत नाहीत

आधीच सांगून टाकते, मी बरी झाले आहे. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर बरी झाले आहे. किडन्या ठीक, लिव्हर ठीक. जीभ मात्र तोंडात ओली गोधडी कोंबल्यासारखी जड झाली आहे, आणि चालताना मी अजून भिंतीच्या कडेकडेनं जाते. धंदा वकिलीचा, अमरावतीच्या कोर्टात. आमचं पोट जिभेवर चालतं. उष्माघातानं माझी नेमकी जीभ धरली. पाय नेले असते तर खुर्चीत बसून बोलले असते, पण तेवढी निवड कोणी देत नाही.

ज्यांना उन्हाळ्यात पळायची हौस आहे त्यांच्यासाठी लिहितेय, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. धीर वगैरे देणार नाही. धीर देणारे हॉस्पिटलात पुष्कळ भेटतात, केळी आणून ठेवतात आणि बाहेर जाऊन म्हणतात, काही खरं नाही.

होळीनंतरचं पळणं

मी चाळिशी उलटल्यावर पळायला लागले. साखर वाढली होती, डॉक्टर चालायला जा म्हणाले, आणि चालता चालता मला पळण्याची चटक लागली. पण मी काही आंधळी पळत नव्हते. होळी पेटली की माझं सगळं बदलायचं. हिवाळ्यात उजाडल्यावर निघणारी मी अंधारात निघायची. लांबचा बडनेऱ्याचा रस्ता बंद, वडाळीच्या तलावाजवळ छोट्या छोट्या फेऱ्या, म्हणजे गरगरलं तर बसायला जागा आणि चहाच्या टपरीवर ओळखीचा माणूस. वेग कमी. दर फेरीला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. आदल्या दिवशी पोट बिघडलेलं असेल, झोप झालेली नसेल तर बूट कपाटात. हे नियम मी कुठं कुठं वाचून, स्वतःच्या अंगावर तपासून बसवले होते.

आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर यावरून माझी फार टिंगल व्हायची. तिथले पुढारी रोज सकाळी फोटो टाकायचे, चेहरे भाजलेल्या वांग्यासारखे, आणि खाली लिहायचे की वऱ्हाडच्या माणसाले ऊन काय करते. आपल्याकडे हा एक माज आहेच. पारा चढला की पुण्याच्या पाहुण्यासमोर आपण असं सांगतो, जसं काही तो आपण चढवलाय. ऊन लागणं हे बाहेरच्या लोकांचं काम, आपल्याला फक्त गरम होतं.

मग मे महिन्यात अकोल्याला लग्न निघालं. माझी मोठी नणंद, आक्का, तिच्या मुलाचं. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, प्रमोदच्या, आईच्या जागी. त्याचे वडील अंथरुणाला खिळल्यावर तिनंच त्याला शिकवलं, शाळेत विज्ञानाचा मास्तर होईपर्यंत उभं केलं. प्रमोद आणि मी कॉलेजातले, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते. ते आक्काला लग्नाच्या दिवसापासून खुपतं. ती तोंडानं काही म्हणत नाही, फक्त मी 'अरे प्रमोद' म्हटलं की पदर झटकते.

लग्नात पहाट कुठली सापडणार. रात्र जागून काढलेली, सकाळी सत्यनारायण, दुपारी पुन्हा पंगत. पोटही बिघडलं होतं. माझ्याच नियमानं बूट बाहेर यायला नको होते. पण त्या मांडवात बायकांच्या घोळक्यात कूलरसमोर बसून मला वीट आला होता, आणि दिवस मावळला होता. ऊन गेलं म्हणजे उन्हाळा गेला असं मला वाटलं. गावाबाहेर नवा सिमेंटचा रस्ता होता. दिवसभर तापलेलं सिमेंट संध्याकाळी काय ओकतं, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं अकोल्याला मे महिन्यात दिवेलागणीला जाऊन हात टेकवून पाहावा. मी त्यावर पळले.

मांडवात

परत आले ते मला आठवत नाही. हे सगळं मला आक्काच्या शेजारणीनं, नलूकाकूंनी नंतर सांगितलं. हॉस्पिटलात डबा घेऊन यायच्या आणि एकेक तुकडा सांगून जायच्या.

मी मांडवात आले आणि आचाऱ्याला विचारलं, साहेब बसले का, माझं प्रकरण पुकारलं का. लोक हसले. वकिलीणबाई गंमत करून राहिली, म्हणाले. मग मी सतरंजीवर अशी पडले की पडताना हातही पुढं केला नाही. अंगाला हात लावून नलूकाकूंनी हात मागं घेतला, तव्यासारखं अंग. मांडवाच्या कोपऱ्यात पाण्याचे ड्रम भरून ठेवले होते. काकूंनी बादली भरून आणली.

आक्का मध्ये उभी राहिली. "पाणी नको टाकू तिच्यावर. उन्हातून आली ते, लकवा मारते."

आता हे बाहेरच्याला येडेपणा वाटेल. आमच्या घरात तो कायदा आहे. माझे सासरे वैशाखात शेतातून आले, मोरीत गेले, डोक्यावर बादली घेतली आणि तिथंच आडवे झाले. अर्धं अंग गेलं. पुढं वर्षानुवर्षं खाटेवर. डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं होतं की रक्तदाब होता, पाण्याचा काही संबंध नाही. पण घरानं बादली पाहिली होती, रक्तदाब कोणी पाहिला नव्हता. तेव्हापासून उन्हातून आलेल्या माणसानं आधी ओसरीत बसायचं, घाम जिरवायचा, गुळाचा खडा तोंडात टाकायचा, मग पाणी. पाय धुवायचे ते सगळ्यात शेवटी. मीसुद्धा इतकी वर्षं ओसरीत बसले आहे. सासुरवाशिणीनं कोणकोणत्या गोष्टींवर भांडायचं.

प्रमोदनं काकूंच्या हातातली बादली घेतली. काकूंना वाटलं, आता तो ओतेल. त्यानं ती धरून ठेवली. ज्या माणसानं पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवलं की घाम उडतो तेव्हा अंग थंड होतं, माठातलं पाणी गार का होतं, तो माणूस भरलेली बादली हातात धरून बहिणीच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. माझ्या नाकाशी कांदा फोडला. तळव्याला कांदा चोळला. दात आवळले होते त्यातून गूळ कोंबायचा प्रयत्न झाला. थोडी थंड होऊ द्या, मग नेऊ, असं ठरलं. पण अंग थंड होईना. मग गाडी शोधली, तर वऱ्हाडाला सोडायला सगळ्या गाड्या गेलेल्या. गाडी येईपर्यंत मी तिथंच सतरंजीवर भाजत होते, आणि चार पावलांवर ड्रम भरलेले होते.

आयसीयू

शुद्ध आली तेव्हा थंडीनं दात वाजत होते. ओल्या चादरीत गुंडाळलेली, दोन्ही बाजूंनी पंखे, काखेत बर्फाच्या पिशव्या. नळ्या ओढते म्हणून हात पलंगाला बांधलेले. लघवीची पिशवी लटकत होती, त्यात काळ्या चहासारखं काहीतरी. मला वाटलं मी कोणाला तरी काहीतरी सांगतेय, आणि कोणी लक्ष देत नाहीये. कोर्टात कोणी लक्ष दिलं नाही तर मी आवाज चढवते. तो चढला, आणि मला माझाच आवाज ऐकू आला. तो दारुड्याचा होता.

शेजारच्या पलंगावर रस्त्याच्या कामावरून आणलेला एक मजूर होता, त्यालाही हाच आजार. एका दुपारी त्याच्याभोवती पडदा ओढला आणि पडदा काढला तेव्हा पलंग रिकामा. त्याची बायको ओली चादर घडी करून सिस्टरकडे द्यायला आली, कुठं ठेवू म्हणून विचारायला. ती सिस्टर फार करकर करायची, सगळ्यांवर ओरडायची. पण पाणी प्यायची बंदी होती तेव्हा तीच कापसाचा ओला बोळा माझ्या ओठांवर ठेवून जायची, आणि जाताना म्हणायची, गिळू नका, नाहीतर मलाच बोलणी बसतील. त्या सगळ्या दिवसांत मला गोड म्हणावं असं तेवढंच मिळालं.

निदान ज्या दिवशी कळलं त्या दिवशी प्रमोद माझ्या उशाशी होता. डॉक्टर अकोल्याचेच, रोखठोक. म्हणाले, किडनी वाचली, पण उष्णतेनं लहान मेंदूला मार बसलाय. तोल आणि बोलणं तिथूनच चालतं. किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. मग सहज, जाता जाता, त्यांनी प्रमोदला विचारलं, आणायच्या आधी घरी अंगावर पाणी ओतलं होतं का.

"नाही," प्रमोद म्हणाला.

"काहून? नळ नव्हता का?"

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, पहिला वेळच महत्त्वाचा असतो, दवाखान्यात आम्हीही तेच करतो, फक्त उशिरा. आणि ते पुढच्या पलंगाकडे गेले. त्यांना राउंड संपवायचा होता.

उलटतपासणी

मी पुढं नलूकाकूंकडून सगळं काढून घेतलं आणि प्रमोद एकटा सापडायची वाट पाहिली. जनरल वॉर्डात हलवल्यावर सापडला. आयुष्यात मी शेकडो साक्षीदार उलटे केले आहेत. कसा प्रश्न टाकायचा, कुठं थांबायचं, मला शिकवायला नको. मी म्हणाले, बादली तुझ्या हातात होती, मग ओतली का नाही.

तो पुढं वाकला. "सुषमा, मले समजून नाही राहिलं. पुन्हा सांग."

मी पुन्हा म्हणाले. त्यानं विचारलं, बादली पाहिजे का, उलटी येते का. आणि पलंगाखालचं भांडं काढून माझ्या हनुवटीखाली धरलं. मी मान हलवली, पुन्हा सांगितलं. त्यानं कान तोंडाशी आणला. मी पुन्हा सांगितलं. जगात असा आरोप कोणी केला नसेल. माणूस एकदा रागानं म्हणतो आणि मोकळा होतो. मला तो तुकडे करून, एकेक शब्द चावून, पाच-सहा वेळा म्हणावा लागला, आणि शेवटी शेवटी माझा राग संपून नुसती दमणूक उरली. तोंडातून लाळ गळत होती, ती त्यानं रुमालानं पुसली, आणि पुसता पुसता त्याला समजलं.

त्यानं भांडं पुन्हा पलंगाखाली सरकवलं. मग म्हणाला, "मी भेलो. माह्या डोळ्यासमोर बाबा आले."

मी म्हणाले, मी तुझा बाप नाही. ते मात्र त्याला पहिल्या फटक्यात समजलं.

मला त्याची कीव आली का, असं नंतर माझ्या बहिणीनं विचारलं. नाही आली. आजारी माणूस मायाळू होतो हे कोणी निरोगी माणसानं पसरवलेलं आहे. मी त्याला त्या दिवसांत जितकं छळलं तितकं मी विरुद्ध पार्टीलाही छळलं नाही. त्यानं मोसंबीचा रस आणला की मी तो थंड आहे का विचारायची. लकवा मारंल, म्हणायची. तो निमूट ऐकायचा, आणि मला अजून चेव चढायचा.

अमरावतीला

घरी आल्यावर फरशीच्या रेघेवरून चालायचा सराव. सोबत एक फिजिओथेरपीवाली मुलगी, मी भेलकांडले की कमरेचा पट्टा धरणारी. बोलण्याच्या व्यायामाला दुसऱ्या बाई. कच्चा पापड पक्का पापड. जे पोरं हसत म्हणतात ते मी रडत म्हणायची. आरशासमोर तास तास. पहिल्यांदा 'पक्का' नीट आला त्या दिवशी प्रमोदनं खिडकीतून ऐकलं आणि आत येऊन काहीतरी म्हणणार होता. मी आरशातूनच त्याच्याकडे असं पाहिलं की तो गेला.

तरी माझं बोलणं त्याच्याइतकं कोणालाच समजत नव्हतं. हा त्यातला खरा जाच. पक्षकार घरी यायचे, मी बोलायची आणि प्रमोद सांगायचा. पण तो माझं नरम करून सांगायचा. मी म्हणायची, मागच्या तारखेला तुम्हीच हजर नव्हता, आता माझ्यासमोर खोटं बोलू नका. तो म्हणायचा, मॅडम म्हणतात पुढच्या तारखेला नक्की या. मी टेबलावर हात आपटायची. पक्षकाराला वाटायचं बाईचं डोकंही गेलं. हळूहळू एकेक जण दुसऱ्या वकिलाकडे जायला नाहरकत मागून घेऊन गेला. सगळे हात जोडून, तब्येतीची काळजी घ्या म्हणून.

पावसाळा सरल्यावर मी कोर्टात उभी राहिले. एका म्हातारीची पोटगी होती, तिनं मला सोडलं नव्हतं. टेबलाची कड धरून मी युक्तिवाद सुरू केला. मला वाटत होतं नीट चाललंय. समोरचे वकील माझ्या ओळखीचे, आमच्या घरी जेवलेले. ते उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम काय म्हणून राहिल्या ते समजून नाही राहिलं, सर." मागच्या बाकांवर कोणीतरी खुसखुसलं. कॉरिडॉरमध्ये आधीच बोलणं होतं की बाई पिऊन येतात. जज्जसाहेब सज्जन. म्हणाले, मॅडम, तुम्ही लेखी द्या, त्रास करून घेऊ नका. मी लेखी दिलं. पोटगी मंजूर झाली. म्हातारीनं पेढा दिला आणि म्हणाली, तुमी बोलल्या नाही तेच बरं झालं माय, लवकर आटपलं. तिच्या मनात काही नव्हतं. मी तो पेढा खाऊन टाकला.

त्या रात्री मी ठरवलं की कोर्टात जमो न जमो, एक वाक्य मी स्वच्छ म्हणून दाखवीन, आणि ते प्रमोदच्या मदतीशिवाय. ते वाक्य ज्याला ऐकवायचं होतं तो माणूस अकोल्याला होता. कच्चा पापड सोडून मी त्या वाक्याचा सराव धरला. हिवाळाभर.

आक्का

संक्रांतीनंतर आक्का आली. हळदी-कुंकवाचं वाण, तिळाचे लाडू, माझ्यासाठी नवी साडी. माझी हनुवटी धरून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ती दुष्ट नाही, हे मला इथं लिहावंच लागेल. मी आयसीयूत असताना तिनं घरच्या देवापुढून हलायचं नाव घेतलं नव्हतं.

ती प्रमोदला विचारत होती, आता समजते का हिचं बोलणं. मी प्रमोदला हातानंच थांबवलं. खुर्चीत सरळ बसले. दोन्ही हात खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "आक्का, त्या दिवशी तुम्ही पाणी टाकू दिलं असतं, तर आज मी नीट बोलले असते."

एकही अक्षर अडखळलं नाही. बोलण्याच्या व्यायामाच्या बाईंनी ऐकलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. आक्काला पहिल्या खेपेतच सगळं समजलं. पण तिच्या चेहऱ्यावर जो काही भाव आला तो अपराधाचा नव्हता. तिला माझी दया आली होती.

"पाणी टाकलं असतं तं लकवा मारला असता, सुषमा," ती म्हणाली. "आता बोलते तं सही. चालते तं सही. माह्या बापाले तेबी नाही मिळालं." आणि प्रमोदकडे वळून, "सांग ना रे हिले."

मी प्रमोदकडे पाहिलं. विज्ञानाचा मास्तर. डॉक्टरांसमोर उभा असलेला, माझी लाळ पुसलेला. त्याला सगळं माहीत होतं, आणि त्याला आक्काचं म्हणणं खरं हवं होतं. ते खरं असलं तर त्यानं हातात बादली धरून मला वाचवलं होतं.

"हो आक्का," तो म्हणाला. "चहा घे."

आक्का आता लग्नाकार्यात सांगते म्हणे, आमच्या सुषमाले मी वाचवलं, मी नसती तं शेजारणीनं पाणी टाकलं असतं. ऐकणाऱ्या बायका माना डोलावतात. घरी गेल्यावर त्यांच्या सुनांना सांगत असतील.

होळी झाली आहे. मी पुन्हा पहाटे बाहेर पडते. पळणं नाही, वडाळीच्या तलावाकडे हळूहळू चालणं, तेही सूर्य यायच्या आत घरी. ग्रुपवरचे लोक मागून पळत येतात, माझ्याजवळ हळू होऊन माझी पाठ वाचतात, हात करतात आणि पुढं जातात. राजकमल चौकाजवळच्या छापखान्यातून मी माझ्या टी-शर्टच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आहे: मी पडले तर अंगावर पाणी ओता. घरच्यांना विचारू नका.

प्रमोदच तो टी-शर्ट धुतो आणि दोरीवर वाळत टाकतो, अक्षरं आतल्या बाजूला करून.